बुधवारच्या कांड्या

कोथरूड,
१२ ऑक्टोबर १९९९

ती. मामा,

खाणीच्या ऑफिसात फोन केला की रणजित शेठ स्वतः उचलतात, तुला बोलावतात आणि तू बोलत असताना शेजारीच बसून राहतात. म्हणून हे पत्र. मच्छिंद्र खडीचा डंपर घेऊन आमच्या चौकातल्या नव्या इमारतीवर येतो, त्याच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

मामा, मी अगदी वैतागले आहे. सलग सहा बुधवार उंबरमाळला आले. प्रियदर्शनी सोसायटीच्या भिंतीला लागून यंत्र ठेवलं, तू भोंगा दिलास, सुरुंग उडवलास आणि सहाही वेळा यंत्राने जमिनीचं कंपन किरकोळच दाखवलं. घरांसाठी मर्यादा सेकंदाला पाच मिलिमीटर आहे, मला मिळतं तीन आणि वर थोडं. आनंद व्हायला हवा. पण सोसायटीतल्या लोकांनी भिंतींना नव्याने पडलेल्या तड्यांचे फोटो सरकारी कचेरीत नेऊन दिलेत आणि ते खोटे दिसत नाहीत. दगड तोच, अंतर तेवढंच, रजिस्टरमध्ये दारू रोजची तीस किलो. मग तडे कुठून आले?

डिसेंबरअखेर माझा अहवाल जायचा आहे. कंपन जास्त निघालं तर खाण बंद, मर्यादेत निघालं तर चालू, इतकं सरळ आहे. तुम्हा चाळीस घरांचा प्रश्न आहे हे मला माहीत आहे. म्हणूनच आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकांना आधीच सांगितलं होतं की तिथला ब्लास्टर माझा सख्खा मामा आहे. ते म्हणाले, बरंच झालं, माहिती तरी खरी मिळेल.

बुधवारखेरीज दुसऱ्या दिवशी यायचा विचार होता, पण संस्थेची जीप आमच्या वाट्याला बुधवारीच येते. तुला यात काही वेगळं दिसत असेल तर कळव. आई बरी आहे. तुझ्या गुडघ्याला विचारते.

तुझी,
श्यामला

*

उंबरमाळ,
१७ ऑक्टोबर १९९९

चि. श्यामलास गेनबामामाचे आशीर्वाद.

पत्र पोचले. मच्छिंद्रने ते खिशात घालून आधी दोन दिवस फिरवले, मग दिले. गुडघा आहे तसाच आहे, ताईला सांग.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. यंत्र चांगले आहे, परदेशी आहे असे तूच म्हणालीस. ते कमी दाखवते तर कमीच असेल. ती सोसायटी होऊन पाच वर्षे झाली, खाण माझ्या मिशा फुटायच्या आधीची. इमारत बांधताना बिल्डरने आमचीच खडी उधळली आणि सिमेंट मात्र चिमटीने घातले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. भिंतीला तडे जातील नाहीतर काय होईल?

जेवल्याशिवाय जाऊ नकोस असे तुझी मामी दर बुधवारी सांगते आणि तू जीप सुटेल म्हणून पळतेस. मागच्या वेळी केलेले कालवण आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्ले. यंत्राची काळजी करतेस तेवढी पोटाचीही कर.

बुधवारी लवकर ये. आणि येणार असशील तरच ये, नसशील तर आदल्या दिवशी निरोप दे. इथे तयारी करावी लागते.

तुझा,
मामा

*

प्रियदर्शनी सोसायटी, उंबरमाळ,
२ नोव्हेंबर १९९९

श्यामला मॅडम यांस,

मागच्या बुधवारी आपण माझ्या भिंतीशी यंत्र घेऊन बसला होता, तेव्हा मी चहा विचारला. आपण नको म्हणालात आणि वर म्हणालात की आकडे मर्यादेत आहेत, भीती मनातली असावी. मी तीस वर्षे मुलींना गणित शिकवले आहे. माझ्या मनात बऱ्याच गोष्टी आहेत, पण त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा पाडल्याचे आजवर दिसलेले नाही.

स्वयंपाकघरातल्या कडाप्प्यावर लोणच्याची चिनी मातीची बरणी असते. दुपारी एकला सुरुंग उडाला की तिचे झाकण वाजते. किती वाजते ते मी जूनपासून डायरीत लिहिते आहे. सोमवारी आणि मंगळवारी थोडे. गुरुवारी आणि शुक्रवारी पुष्कळ, इतके की बरणी सरकून काठाशी येते. पूर्वी सगळे दिवस सोमवारसारखेच असायचे. आपण येऊ लागलात त्या आठवड्यापासून हे असे झाले, आणि बुधवारी झाकण वाजतच नाही.

आपला पायगुण चांगला असावा. तो आठवड्यातून एकाच दिवशी मिळतो, एवढीच तक्रार आहे.

डायरी पाहायला हवी असल्यास यावे. चहाचा आग्रह करणार नाही.

विमलाबाई

*

कोथरूड,
६ नोव्हेंबर १९९९

ती. मामा,

सोबत विमलाबाईंच्या पत्राची झेरॉक्स जोडली आहे. वाच आणि शांत राहा. मला काही राहता आलं नाही.

मी सात वर्षं याच कामात घालवली. सगळी भोकं एकदम न उडवता सेकंदाच्या बारीक तुकड्यांच्या अंतराने एकामागून एक उडवली तर जमीन किती कमी हलते, हे मोजत माळामाळावर उन्हात बसले. आणि या बाई मला लोणच्याच्या बरणीचं झाकण शिकवतात! संस्थेत हे पत्र सगळ्यांनी हसत हसत वाचलं. मी सुद्धा हसले. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना.

मामा, सरळ विचारते. बुधवारी आणि गुरुवारी तू दारू सारखीच भरतोस ना? रजिस्टरमध्ये दोन्ही दिवशी तीस किलोच आहे, मी स्वतः पाहिलंय. तरी तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. तू हो म्हणालास की मी हा विषय सोडून देईन.

तुझी,
श्यामला

*

उंबरमाळ,
१२ नोव्हेंबर १९९९

चि. श्यामलास आशीर्वाद.

रजिस्टरमध्ये आहे ते आहे. मॅगझिनच्या कोठारातून निघालेल्या दारूच्या कांड्या आणि उडालेल्या कांड्या महिन्याच्या शेवटी जुळतात, सरकारी माणूस येऊन बघून जातो. अजून काय सांगू?

म्हातारी बाई एकटी राहते. दुपारी झोप लागत नसेल, मग बरणीकडे बघत बसते. तू मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी सुट्टीला यायचीस तेव्हा सुरुंग उडताना माझ्या धोतरात तोंड खुपसून विचारायचीस, मामा, संपलं का? मी संपलं म्हटले की लगेच बाहेर यायचीस. तेव्हा कधी रजिस्टर मागितले नाहीस.

अहवाल चांगला लिही. इथे सगळे तुझ्या नावाने वाट बघत आहेत. शेठसुद्धा म्हणतात, गेनबा, तुझी भाची म्हणजे आपलं नशीब हाय.

तुझा,
मामा

*

कोथरूड,
२० डिसेंबर १९९९

श्रीमती विमलाबाई यांस,
स. न. वि. वि.

उंबरमाळ येथील खाणीतील सुरुंगांच्या कंपनांचा अहवाल आज सादर केला आहे. एकूण चौदा नोंदी घेतल्या. सर्व नोंदी घरांसाठीच्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. आपल्या भिंतींमधील तडे बांधकामातील दोषांमुळे असण्याची शक्यता अधिक आहे. बरणीच्या हालचालीची नोंद शास्त्रीय पुरावा म्हणून घेता आली नाही, हे नम्रपणे कळवते.

आपली,
श्यामला

*

उंबरमाळ,
९ जानेवारी २०००

चि. श्यामलास आशीर्वाद.

हे पत्र तातडीचे आहे. मच्छिंद्रला सांगितले आहे की आज दिले नाहीस तर डंपरच्या चाकाची हवा काढीन.

रणजित शेठ काल कागद घेऊन आले. तुझ्या अहवालावरून परवानगी मिळाली, आता एका वेळी पन्नास किलोपर्यंत भरता येईल. आयटी कंपनीच्या इमारतींना खडी कमी पडते आहे, म्हणून ते खूश आहेत. त्यांनी मला पेढा दिला. मी तो हातातच धरून उभा राहिलो.

श्यामला, पन्नास हा आकडा तुझा असू शकत नाही. कुठेतरी टाइप करणाऱ्याची चूक झाली असेल. पंधरा वाटत असेल तर पंधरा लिही, पण पन्नास नाही. मला गणित येत नाही, पण या दगडात मी पस्तीस वर्षे हात घातलेत. पन्नास किलो इथे सोसणार नाही. तू पुन्हा एकदा बघ आणि कागद मागे घे. शेठ या महिनाअखेर पहिला मोठा सुरुंग लावायचा म्हणतात.

तुझा,
मामा

*

कोथरूड,
१३ जानेवारी २०००

ती. मामा,

टाइप करणाऱ्याची चूक नाही. आकडा माझाच आहे. तीन वेळा तपासला.

तुला आता समजावून सांगायलाच हवं, खरं तर आधीच सांगायला हवं होतं. यंत्र जमीन किती हलली ते सांगतं. पण किती दारूने हलली, हे त्याला ठाऊक नसतं. ते मी तुझ्या रजिस्टरमधून घेते आणि दोन्हींची सांगड घालते. तीस किलोला जमीन एवढी कमी हलते, म्हणजे तिथला दगड हादरे पुढे फारसे जाऊ देत नाही, म्हणजे त्याच मर्यादेत पन्नासपर्यंत जाता येईल. चौदा बुधवारांच्या चौदा नोंदी हेच सांगतात. संचालक म्हणाले, यंत्र सांगतं तेवढं लिहा, म्हणून लिहिलं.

पन्नास खोटं असेल तर त्याला एकच कारण असू शकतं. त्या बुधवारी भोकांत तीस किलो नव्हते.

मी तुला नोव्हेंबरमध्ये सरळ विचारलं होतं. तू मला धोतराची गोष्ट सांगितलीस. आज पुन्हा विचारते. उलट टपाली उत्तर दे. नाही तर खुशाल फोन कर, शेठ शेजारी बसले तरी चालतील.

श्यामला

*

प्रियदर्शनी सोसायटी, उंबरमाळ,
२ फेब्रुवारी २०००

श्यामला मॅडम यांस,

शुक्रवार, अठ्ठावीस जानेवारी, दुपारी एक वाजून चार मिनिटे. बरणीचे झाकण वाजले नाही. बरणी, तिच्याखालचा कडाप्पा आणि कडाप्पा ज्यात बसवला होता तो भिंतीचा तुकडा असे सगळे एकदम खाली आले. मी ओट्याशी होते. डाव्या पावलाची तीन हाडे मोडली आहेत. शेजारच्या भाग्यश्रीने दवाखान्यात नेले. सहा आठवडे प्लास्टर.

हीही नोंद शास्त्रीय पुरावा म्हणून घेता येत नसल्यास तसे नम्रपणे कळवावे.

विमलाबाई

*

उंबरमाळ,
४ फेब्रुवारी २०००

चि. श्यामला,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

तुझे पत्र पंधरा तारखेला मिळाले. वाचून सगळे समजले. तेव्हापासून अठ्ठावीसपर्यंत ते माझ्या सदऱ्याच्या खिशात होते. रोज वाटायचे, आज लिहू. फोनपाशी दोनदा गेलो आणि शेठना दिवाळीच्या बोनसबद्दल विचारून परत आलो. दिवाळी होऊन अडीच महिने झाले होते. शेठना वाटले, म्हातारा चळला.

तू पहिल्यांदा यंत्र घेऊन आलीस त्याच्या आदल्या दिवशी शेठ म्हणाले होते, आकडा मोठा आला की खाणीला कुलूप. सकाळी भोकांत कांड्या सोडताना माझा हात आपोआप आखडला. ऐंशी कांड्या बाजूला काढल्या. दहा किलो. रजिस्टरमध्ये मात्र पूर्ण लिहिले, कारण मॅगझिनमधून पूर्ण निघाल्या होत्या. उरलेल्या परत ठेवता येत नाहीत, विचारतात का उरल्या. म्हणून चाळीस गुरुवारच्या भोकांत घातल्या आणि चाळीस शुक्रवारच्या. दर बुधवारी हेच. तू वीस किलो मोजत होतीस. बाई गुरुवारी आणि शुक्रवारी पस्तीस मोजत होत्या.

मला वाटले, यंत्र फक्त जमीन मोजते. आकडा लहान आला की तू लिहिशील सगळे ठीक आहे, आणि आमचे रोजचे काम आहे तसे चालत राहील. लहान आकड्यातून मोठी परवानगी निघते हे मला कोणी सांगितले नव्हते. तुलाही सांगावेसे वाटले नाही, आणि मलाही विचारावेसे वाटले नाही.

अठ्ठावीसला शेठ स्वतः भोकांच्या काठावर उभे राहिले आणि एकेक कांडी मोजून सोडायला लावली. मी म्हणालो, "शेठ, लय होतंय." ते म्हणाले, "तुझ्या भाचीनं लिवलंय. तुला तिच्यापरीस जास्त कळतं व्हय?" मला तेव्हा बोलता आले असते. चाळीस माणसे बघत होती. मी बत्ती दिली.

बाईंना बघायला गेलो नाही. तोंड नाही.

तुझा,
मामा

*

कोथरूड,
६ फेब्रुवारी २०००

मामा,

तुझं पत्र वाचून मी ते फाडणार होते. आई मध्ये आली.

मला तुझा भयंकर राग आला आहे. स्वतःचाही आला आहे, पण तुझा जास्त. सात वर्षांच्या कामाने कमावलेलं नाव ज्यावर होतं, तो अहवाल मी काल संचालकांच्या टेबलाशी जाऊन मागे घेतला. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, मामाकडून माहिती तरी खरी मिळेल असं आपण म्हटलं होतं. आपण म्हटलं होतं! म्हटलं होतं त्यांनी.

पण त्याहून वाईट काय ते सांगते. एका बाईंनी जूनपासून डायरी धरून मला खरं सांगितलं आणि मी त्यांना लिहिलं की बरणी हा पुरावा नाही. माझ्या हातात गुरुवार-शुक्रवार होते. मी बुधवारी येत होते, एवढंच मला दिसायला हवं होतं. माझा मामा खोटं बोलणार नाही, ही माझी सगळ्यात मोठी चूक. तीही मी अहवाल मागे घेण्याच्या पत्रात लिहिली आहे, वेगळ्या शब्दांत.

तुझा कबुलीजबाब लागेल. सहीनिशी. किती कांड्या, कोणत्या दिवशी, सगळं. तुझं लायसन जाईल. खाण चौकशी होईपर्यंत बंद राहील. तू नाही दिलास तर मी तुझं पत्र कचेरीत देऊ शकते, पण देणार नाही. हे तुलाच करायला हवं.

श्यामला

*

उंबरमाळ,
९ फेब्रुवारी २०००

चि. श्यामलास आशीर्वाद.

काल कचेरीत स्वतः जाऊन दिला. साहेबांनी दोनदा विचारले, कोणी दबाव आणला का? मी म्हणालो, भाचीने. त्यांनी ते लिहून घेतले नाही.

खाण बंद झाली आहे. माणसे माझ्याशी बोलत नाहीत. मच्छिंद्र बोलतो, पण त्याचा डंपरही उभाच आहे, म्हणून हे पत्र पोस्टाने.

तुझा,
मामा

*

कोथरूड,
२० एप्रिल २०००

ती. मामा,

दोन महिने तुला लिहिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. आज लिहिलंच पाहिजे.

कचेरीच्या आदेशाने गेल्या दोन आठवड्यांत आम्ही उंबरमाळला नव्याने मोजणी केली. सोसायटीतल्या लोकांना आधी बाहेर काढलं. नवा ब्लास्टर दत्तोबा म्हणून आहे, साताऱ्याकडचा. प्रत्येक कांडी मी हातात घेऊन मोजली, मगच भोकात जाऊ दिली. सहा वेगवेगळे दिवस, खाणीवर आधी न सांगता, भाड्याच्या रिक्षाने जाऊन. वीस किलो, पंचवीस, तीस, पस्तीस.

मामा, पस्तीसला आकडा मर्यादेच्या बाहेर जातो. तीसला आत राहतो. थोडाच, पण आत. दोनदा केलं. दोन्हीदा आत.

म्हणजे तू रोज जे भरत होतास ते बरोबर होतं. मी येण्याआधी जसं काम चालत होतं, तसंच चालू ठेवून तू मला त्या पहिल्या बुधवारी पूर्ण तीस किलो मोजू दिले असतेस, तर मी लिहिलं असतं की खाण आहे तशी चालू द्या. काही लपवायचं नव्हतंच. बाईंच्या भिंतीला तडे तू उरवलेल्या त्या कांड्यांनी पडले. माझ्यासाठी उरवलेल्या.

हे कळल्यावर मी खाणीच्या काठावर एका दगडावर बसून रडले. दत्तोबाला वाटलं उन्हाने झालं, त्याने पाणी आणून दिलं.

खाण सोमवारपासून उघडणार आहे. तीस किलो, एक कांडीही जास्त नाही. भिंतींची दुरुस्ती शेठकडून करून घ्यायचा आदेश आहे. तुझं लायसन परत मिळणार नाही. मी विचारून पाहिलं.

पस्तीस वर्षं तुझ्या हाताला ठाऊक होतं, मामा. मी यंत्र घेऊन आले आणि तू हातावरचा विश्वास सोडलास. मला आता तुझा राग येत नाही. नुसतं वाईट वाटतं, आणि ते रागापेक्षा जास्त त्रास देतं.

तुझी,
श्यामला

*

उंबरमाळ,
२८ एप्रिल २०००

चि. श्यामलास गेनबामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. मी ते तीनदा वाचले, मग मामीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजे उगीचच सारं." मी हो म्हणालो. रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी उठून विमलाबाईंकडे गेलो. तीन महिने टाळले होते. प्लास्टर निघाले आहे, पण काठी घेऊन चालतात. मी दारातच सांगितले की मीच तो. त्या म्हणाल्या, "हो, माहीत आहे. चपला बाहेर काढा, लादी पुसली आहे." मग मी सगळे सांगितले, कांड्यांसकट. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझी डायरी बरोबर होती." मी म्हणालो, अगदी बरोबर. त्या म्हणाल्या, "मग गुरुवारी दुपारी या. मला फार वेळ उभं राहून बरणी बघता येत नाही, आणि आता वाजतं तेवढं मला कळतं, किती किलो ते कळत नाही."

काल गुरुवार होता. पाऊण वाजता गेलो. भिंत नवी बांधली आहे, रंग द्यायचा राहिला आहे. बरणीही नवी आहे, मंडईतून भाग्यश्रीने आणून दिली. त्यांनी मला तिच्यासमोर स्टुलावर बसवले आणि स्वतः डायरी उघडून पेन घेऊन बसल्या.

भोंगा झाला. श्यामला, पस्तीस वर्षांत मी तो भोंगा कधी या बाजूने ऐकला नव्हता. तिकडे असताना लक्ष भोकांकडे असते, वायरीकडे, माणसे लांब गेली का इकडे. इथे करायला काही नसते. नुसते बसायचे आणि वाट बघायची.

मग आधी पायांखाली आले, नंतर आवाज आला. बरणीचे झाकण किणकिणले आणि थांबले. बरणी जागची हलली नाही. विमलाबाईंनी पेन टेकवून विचारले, "काय लिहू?"

मी म्हणालो, "लिवा, पूर्ण तीस. ह्या नव्या माणसानं एक कांडी बी मागं ठिवली नाय."

त्यांनी लिहिले आणि डायरी माझ्यापुढे सरकवून सही करायला सांगितली. मी केली. पुढच्या गुरुवारीही बोलावले आहे.

तुझा,
मामा